रवा उपासाला चालत नाही

आमच्या लाइनवर तीळ, मोहरी, राजगिरा आणि खसखस असं चारच प्रकारचं सामान येतं, असं मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंना वाटलं सून मसाल्याच्या कारखान्यात लागली. नवऱ्याच्या आत्यानं तर चऱ्होलीतल्या चऱ्होलीत निरोप धाडला, "येताना पावशेर खसखस आण म्हणावं, तितं सस्तात पडंल." मग मला सगळ्यांना बसवून सांगावं लागलं की बायांनो, मी महाळुंग्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत आहे. गाडीच्या मीटरमागे जो हिरवा बोर्ड असतो तो आम्ही भरतो. आणि आमच्या खसखशीची खीर केलीत तर सगळ्या घराला दातांच्या डॉक्टरकडे न्यावं लागेल.

ही नावं काही मी ठेवलेली नाहीत. ती आक्काची. आक्का म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीवरची बाई, लातूरकडची, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तरी मी लाइन लीडर म्हणून ती मला ताई म्हणते आणि मी तिला आक्का. आमचे पार्ट इतके बारीक की त्यांच्यावर काही लिहायला जागाच नसते. ते पट्टीत बसवून रिळावर गुंडाळून येतात आणि रिळाच्या लेबलवर चार आकडे असतात. पहिले दोन लांबीचे, पुढचे दोन रुंदीचे. ०६०३ असेल तर इंचाचे शंभर भाग करायचे, त्यातले सहा लांब आणि तीन रुंद. आता इंचाचे शंभर भाग कुणी डोळ्यांनी पाहिलेत? आक्कानं पहिल्याच आठवड्यात भिंगाखाली एकेक ठेवून बारसं उरकून टाकलं. सगळ्यात मोठा तो तीळ. त्याच्याखाली मोहरी. ०६०३ तो राजगिरा. आणि ०४०२ ती खसखस. सोळा वर्षं झाली, लाइनवर कुणाची चूक म्हणून झाली नाही. स्वयंपाकघरात तीस वर्षं घालवलेली बाई मोहरी समजून तीळ फोडणीला टाकेल का?

तसं मापांनी मला घरीही सुखानं जगू दिलेलं नाही. जमीन सासरे गुंठ्यात सांगायचे, बिल्डर येऊन स्क्वेअर फुटात बोलायला लागला आणि सातबाऱ्यावर भलतंच तिसरं काहीतरी. बल्ब साठचा मागितला की दुकानदार नऊचा देतो आणि वर म्हणतो उजेड तेवढाच पडतो. परवा भोसरीला टीव्ही घ्यायला गेलो. नवऱ्याला त्रेचाळीस इंची हवा होता. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, हा घ्या, एकशे आठ." नवरा दचकलाच. "आरं, एकशे आठ तर अँब्युलन्स हाय!" मी म्हटलं, अहो ते सेंटीमीटर आहे. तर म्हणे, "मला सेंटीमीटर नगं, मला टीव्ही पायजे." शेवटी माझ्या ओढणीनं मोजून घेतला. तेव्हा मी दुकानात पोट धरून हसले होते. माझ्यावरही तीच पाळी यायची होती, हे तेव्हा कुठं माहीत.

आमच्याकडे नवे इंजिनियर साहेब आले. सांगवीचे, वयानं माझ्या थोरल्या भाच्याएवढे. माणूस वाईट नव्हे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल जे बोलणार आहे त्यावरून तसं वाटणार नाही. पहिल्याच दिवशी साहेब लाइन बघायला आले आणि नेमकी आक्का ओरडली, "ताई, राजगिरा संपला ओ! दोन द्या इकडं!"

साहेब थांबले. "काय संपला?"

"राजगिरा, साहेब. तीळ हाय अजून."

"ही फॅक्टरी आहे की भुसारी दुकान?" साहेब म्हणाले. लाइनवरच्या बाया हसल्या. साहेब हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उभं करून भाषण झालं. परदेशातलं नवं गिऱ्हाईक आलंय. त्यांचं सगळं मिलिमीटरमध्ये. इंच विसरा. पुढच्या महिन्यापासून आकडेही नवे, मिलिमीटरचे दहा भाग करून मोजायचे. स्वयंपाकघरातलं एकही नाव लाइनवर ऐकू येता कामा नये. आणि पंधरा दिवसांनी परीक्षा. टेबलावर दहा रिळं ठेवणार, यादीतल्या नंबराशी जुळवायची आणि सही करायची. दोनपेक्षा जास्त चुकली तर पॅकिंगला.

पॅकिंग म्हटल्यावर आक्कानं माझ्याकडे बघितलं. पॅकिंगला खुर्ची नसते. आठ तास उभं राहून खोक्यांना टेप मारायची. आक्काचे दोन्ही गुडघे गेलेले, जिना चढताना ती प्रत्येक पायरीला देवाचं नाव घेते आणि पाचव्या पायरीनंतर देवाला शिव्या. लाइनवरच्या खुर्चीला तिनं जुन्या साडीची उशी शिवलेली आहे, दर दिवाळीला नवी. जेवताना ती एवढंच म्हणाली, "ताई, तिकडं टाकलं तर मी आठ दिवसांत घरी बसते बगा. घरी बसून काय करू? भिताडं बगू?" मला एकदम भरून आलं, आणि मला भरून आलं की माझा आवाज चढतो. मी म्हटलं, "घरी कशाला बसतेस? मी बसलेय ना इथं! तुला पास करून दाखवते." जणू मोठी बाईच लागून गेले.

आक्का चौथी शिकलेली. आकडे येत होते तिला, प्रश्न तो नव्हता. आकडा बघून वस्तू आठवायची तिला सवय नव्हती. वस्तू बघितली की नाव आपोआप तोंडात यायचं.

शाळा बसमध्ये भरली. आक्का मोशीला चढते आणि चाकणच्या चौकात बस अडकली की अर्धा-पाऊण तास हक्काचा. तेवढ्या वेळात माणूस दहावी करील. साहेबांनी एक तक्ता दिला होता, डावीकडे जुना नंबर, उजवीकडे नवा. मी तिला समजावलं, जुना ०६०३ आता १६०८ झाला.

"म्हंजी माणूस त्योच, आधार कार्ड नवीन?"

"हो, अगदी तसंच."

"मग कामून बदललं? आधीच्यानं कुणाचं काय बिगडलं होतं?"

ते साहेबांना विचार, म्हणून मी ओरडले. पण आक्का हट्टी. तिनं आपली रीत काढली. तिळाचा नवा नंबर ३२१६. "बत्तीस दातांत तीळ अडकतोय, झालं!" मोहरी २०१२. "त्याच साली घरी गॅस आला, पयली फोडणी मोहरीची." खसखस १००५. "दहा-पाच रुपयांत खसखस येती का? न्हाई. पाठ." आणि राजगिरा १६०८, तो तर तिला देवानंच दिला. "सोळा सोमवार! उपासाला राजगिराच की ओ ताई!" तिनं एवढ्या जोरात सांगितलं की ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. त्याला वाटलं मागं भजन आहे.

तक्त्याच्या तळाशी अजून एक ओळ होती. त्यात नवा नंबर परत ०६०३ होता. म्हणजे तोच जुना आकडा, पण आता मिलिमीटरचा. इंचाचा ०६०३ लांबीला दीड मिलिमीटरच्या थोडा वर भरतो. मिलिमीटरचा ०६०३ एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही, खसखशीपेक्षा बारीक. आक्कानं बोट ठेवलं, "ह्ये काय?" मी म्हटलं, "ते आपल्याकडं येत नाही. सोड ती ओळ." बस सुटली होती आणि मला उतरायच्या आधी डबा पिशवीत ठेवायचा होता. ती ओळ तिथंच राहिली.

परीक्षेला लाइन लीडर म्हणून मी टेबलाशी उभी. कुणी कॉपी करू नये यावर नजर ठेवायला. मी आदल्या रात्री ठरवून आले होते की आक्का अडली तर खोकायचं, एकदा खोकले तर तीळ, दोनदा तर मोहरी. पण मला खोकावंच लागलं नाही. बाई धडाधड सुटली. नंबर वाचायचा, पट्टीचं टोक सोलायचं, एक पार्ट भिंगाखाली घ्यायचा, यादीत बघायचं, सही. "सोळा सोमवार," ती पुटपुटायची आणि सही. आठ रिळांत एक चूक. साहेब चार पावलांवर उभे, वहीत खुणा करत होते. मी मनातल्या मनात प्रत्येक नंबर तिच्याबरोबर वाचत होते, तिची नव्हे, माझीच परीक्षा असल्यासारखी.

नववं रीळ नव्या गिऱ्हाइकाच्या बोर्डाचं होतं, थेट परदेशातून आलेलं, आणि त्याची यादीही वेगळी. लेबलवर ०६०३. यादीतही ०६०३. आक्कानं पार्ट भिंगाखाली घेतला. मान मागं घेतली. चष्मा पदरानं पुसला आणि परत बघितलं.

"ताई," ती हळूच म्हणाली. आक्काचं हळूच म्हणजे सगळ्या खात्याला ऐकू जातं. "ह्यो राजगिरा न्हाई."

माझं रक्त सर्रकन डोक्यात गेलं. नेमकं बंदी घातलेलं नाव, नेमकं साहेबांच्या पुढ्यात, एक रीळ राहिलेलं असताना!

"ह्यो रवा हाय ताई. बारीक रवा. ह्यो उपासाला चालायचा न्हाई."

"गप!" मी दातओठ खाऊन म्हटलं. "नंबर वाच, नंबर! काय लिहिलंय?"

"झिरो-सहा-झिरो-तीन."

"आणि यादीत?"

"झिरो-सहा-झिरो-तीन. पन ताई..."

"पन नाही नि बिन नाही. सही कर आणि मोकळी हो."

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग सही केली, नेहमीसारखी खाली रेघ ओढून. मी भिंगातून बघायला चार बोटं वाकायचं होतं, तेवढंही वाकले नाही. माझं सगळं लक्ष राजगिरा हा शब्द साहेबांना ऐकू गेला की नाही इकडे. ती काय म्हणाली हे माझ्या कानावर आलं, डोक्यात शिरलंच नाही.

आक्का पास झाली. मी आनंदानं दुसऱ्या दिवशी आळंदीहून लाडू आणून सगळ्यांना वाटले. कसले? राजगिऱ्याचे! माझ्या अकलेचं कौतुक करावं तेवढं थोडं. आक्कानं लाडू घेतला आणि डब्यात ठेवला. मला वाटलं गोड कमी खाते.

आठ दिवसांनी गिऱ्हाइकाचे तीन पाहुणे पहिले बोर्ड बघायला आले. दोघे तरुण आणि एक म्हातारा, जो कुणाशीच बोलत नव्हता. साहेबांनी नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा अजून दिसत होत्या. मशीन सुरू झालं. आमचं मशीन नळीनं एकेक पार्ट उचलतं, आपल्या कॅमेऱ्याला दाखवतं आणि मग बोर्डावर ठेवतं. कॅमेऱ्याला पसंत नसेल तर बाजूच्या डबीत टाकून देतं. तीळ बसले, मोहरी बसली. परीक्षेतल्या त्या नवव्या रिळाची पाळी आली आणि मशीननं पार्ट उचलला, बघितला, टाकला. दुसरा उचलला, बघितला, टाकला. टक, टक, टक. मुलगी बघायला आलेला हट्टी नवरदेव कसा, ही नको, ती नको, तसं चाललं. मग लाल दिवा लागला आणि मशीन बोंबलायला लागलं.

साहेब धावले. रिळावरचा नंबर बघितला, यादीतला बघितला, दोन्ही जुळले. मग मशीनच बिघडलं असणार म्हणून मेंटेनन्सवाल्यांना बोलावलं. त्यांनी नळी पुसली, कॅमेरा पुसला, पुसायचं राहिलं होतं ते फक्त साहेबांचं कपाळ. म्हातारा पाहुणा मात्र सरळ डबीपाशी गेला, खिशातून स्वतःचं भिंग काढलं आणि बघत बसला. मग त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं आणि विचारलं, हे रीळ तपासलं कुणी?

वही आली. आक्काची सही, खाली रेघ.

"आक्का, हे काय आहे?" साहेबांचा आवाज फाटला होता. "तुम्हाला पास केलं ते ह्यासाठी? उद्यापासून पॅकिंगला जा."

आक्का उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि खुर्चीवरच्या उशीच्या नाड्या सोडायला लागली. माझ्याकडे बघितलं नाही. ताईंनी गप केलं असं म्हणाली नाही. नाडीची गाठ घट्ट होती, ती नखानं सोडवत होती.

खरं सांगते, मी आधी माझाच विचार केला. माझीही खुर्चीच होती. पाहुण्यांसमोर आपली चूक सांगायची म्हणजे उद्या मीही खोकी चिकटवायला. पण ती गाठ सुटत आली तशी मला माझीच इतकी लाज वाटली की बस्स. मला लाज वाटली तरी माझा आवाज चढतो.

"साहेब, तिनं सांगितलं होतं!" मी ओरडलेच. "परीक्षेत सांगितलं होतं. मी तिला गप केलं. पॅकिंगला मला पाठवा."

"काय सांगितलं होतं?"

"हा राजगिरा नाही, रवा आहे म्हणून."

"रवा?"

"बारीक रवा. उपासाला चालत नाही म्हणाली."

म्हाताऱ्यानं विचारलं, ह्या काय म्हणतायत? आता साहेबांना ते इंग्रजीत सांगणं भाग होतं. त्यांनी कसं सांगितलं देव जाणे, पण बोलता बोलता त्यांचे कान लाल होत गेले आणि तरुण पाहुण्यांतला एक खाली बघून हसायला लागला. म्हातारा हसला नाही. त्यानं आक्काकडे हात पुढं केला. आक्कानं आमच्या जुन्या रिळातला एक राजगिरा चिमट्यानं काढून त्याच्या तळहातावर ठेवला. शेजारी त्यानं डबीतला रवा ठेवला. सगळे वाकून बघायला लागले, मीसुद्धा. आंधळ्याला दिसला असता एवढा फरक. म्हाताऱ्यानं यादीवर बोट ठेवलं, म्हणाला, "इंच." रिळावर बोट ठेवलं, म्हणाला, "मिलिमीटर." यादीवर माप कशातलं ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. यादी पुण्याच्या ऑफिसातून आली होती, इंचातलीच, आणि साहेबांनी मिलिमीटरचं भाषण दिलं खरं, पण तीच एक यादी बदलून घ्यायची राहिली होती.

साहेबांनी शर्टाची कॉलर सैल केली. "माझी चूक," ते म्हणाले. मग आक्काकडे वळून म्हणाले, "आक्का, उशी बांधा परत." म्हणून म्हणते, माणूस वाईट नव्हे.

मला कुणी पॅकिंगला पाठवलं नाही. महिन्याभरात योग्य रिळं आली, बोर्ड गेले. भिंतीवर नवा तक्ता लागला. इंच, मिलिमीटर आणि तिसरा रकाना साहेबांच्या अक्षरात, "बोली नाव". तीळ, मोहरी, राजगिरा, खसखस. आणि तळाच्या ओळीत रवा, त्याच्यापुढं लाल पेनानं, उपासाला चालत नाही. नवीन भरती होणाऱ्या मुलींना साहेब स्वतः वाचून दाखवतात, आणि ह्या वाक्याला हसायचं नाही अशी ताकीद देतात.

पण पाहुणे गेल्यावर आक्का माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती. बसमध्ये मोशीला चढायची आणि सरळ मागच्या सीटवर जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी चाकणच्या चौकात बस अडकली तशी मीच उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, आक्का, चुकलं माझं. शिव्या दे, पण बोल.

ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर कंटेनर उभे, एकाला एक लागून. "सोळा वर्सं शेजारी बसले तुमच्या," ती म्हणाली. "मशीन वरडलं तवा समदे पळत आले. मी बोलले तवा तुमी गप म्हनलात."

मला रडू आलं. भर बसमध्ये, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही. तिच्या डब्यात तो राजगिऱ्याचा लाडू अजून होता, तो तिनं काढला, मोडला आणि अर्धा माझ्या हातात ठेवला. पार दगड झाला होता. आम्ही दोघींनी तो महाळुंग्यापर्यंत चघळला.

परवा नवं रीळ आलं. लेबल मी मुद्दाम अंगठ्यानं झाकलं, पट्टीचं टोक सोललं आणि एक पार्ट आक्काच्या भिंगाखाली ठेवला. साहेब मागं उभे होते, त्यांना घाई होती, मलाही होती. आक्कानं चष्मा काढला, पदरानं पुसला, घातला. खुर्ची पुढं ओढली. उशी नीट केली.

"काय आहे, आक्का?" मी विचारलं.

"गप बसा जरा," ती म्हणाली.

मी गप्प बसले.